दोन कोटींची देणगी आणि चाकांचा ढीग

तुमच्या दारात अनोळखी माणूस येऊन म्हणाला, "हे घ्या दोन कोटी, फक्त आधी मला थोडे पैसे द्या," तर त्याला पाणी विचाराल की बाहेरची वाट दाखवाल? मग तोच माणूस मेलमधून आला की आपली अक्कल कुठे गहाण पडते?

पानाआत्याच्या कारखान्यात हेच झालं. कारखाना म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची पत्र्याची खोली. हातात कायम पाना, म्हणून ती पानाआत्या. मोडक्या व्हीलचेअर गोळा करायच्या, दोन मोडक्यांची मिळून एक धड करायची आणि गरजूला फुकट द्यायची, हा तिचा उद्योग. त्यासाठी कोपऱ्यात चाकं, ब्रेक, नळ्या यांचा ढीग. बघणाऱ्याला भंगार, आत्याला तिजोरी.

त्या दुपारी ती एक खुर्ची पोचवून परतली, तर भंगारवाला तोच ढीग टेम्पोत चढवत होता. शेजारी तिचा धाकटा भाऊ उभा.

"उतरव," आत्या भंगारवाल्याला म्हणाली.

"साहेबांनीच बोलावलंय."

"साहेबांचं मी बघते. तू उतरव."

भावाने तिला बाजूला ओढलं. "ताई, हळू बोल. कुणाला कळू द्यायचं नव्हतं." त्याने मोबाईल पुढे केला. परदेशातली एक विधवा, मरणाला टेकलेली, मूलबाळ नाही. दोन कोटी सत्कार्याला द्यायचेत. फक्त बँकेचं शुल्क आधी भरायचं आणि पैसे येईपर्यंत तोंड बंद ठेवायचं.

"शुल्कापुरते या ढिगातून निघतील. मग कोऱ्या करकरीत खुर्च्या आणू."

आत्याने मेल वाचला. "'प्रिय लाभार्थी'. हा कोण रे? तू की मी?"

"मोठी माणसं असंच लिहितात."

"आणि यात खुर्ची हा शब्द कुठाय? एक जुनी खुर्ची द्यायची म्हटली तरी मी त्या घरी जाते, दाराची रुंदी मोजते, माणसाला बसवून बघते. ही बाई कोटी द्यायला निघाली, आणि आपण करतो काय हेसुद्धा विचारत नाही?"

भाऊ काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. त्या बाईचा वकील. भावाने आदल्या दिवशीच नंबर कळवला होता. आत्याने फोन हिसकावला.

"शुल्क त्या दोन कोटींतूनच कापून घ्या की."

"नियमात बसत नाही, मॅडम. आज भरलं नाही तर देणगी दुसरीकडे जाईल. तुमच्या आश्रमातल्या अनाथ लेकरांचा तरी विचार करा."

"आमच्याकडे अनाथ फक्त चाकं आहेत," आत्या म्हणाली आणि फोन बंद केला.

भंगारवाला खो खो हसला. भावाची मान खाली. "तुझे हात थकलेत गं, ताई. रात्री चोळत बसतेस. वाटलं, नव्या खुर्च्या आल्या की सुटशील."

जिभेवर आलेली शिवी आत्याने गिळली. "मग ते मला सांगायचंस. त्या बाईशी गुपित केलंस आणि बहिणीला वगळलंस, तिथे चुकलं. उद्या सायबर पोलिसांकडे तक्रार तू करायची."

"लोक हसतील."

"हसू देत. पुढचा तरी वाचेल. चल, चाकं उतरव."

टेम्पो रिकामा होईपर्यंत तो एकटा राबला. दुसऱ्या दिवशी तक्रारही त्यानेच केली.

तुमच्याही घरात कुणी असा मेल उघडून गप्प बसलं असेल. आज जेवताना विचारा. आणि मेहरबानी करा, विचारताना हसू नका.