ग्राउंड झिरोवरची बाई

वादळानंतर फोपनारला गेलो, तर केळीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. भरलेले घड चिखलात पडले होते. बांधावर एक टीव्हीवाला कॅमेऱ्यापुढं सारखा म्हणत होता, "हम इस वक्त ग्राउंड झिरो पर हैं."

त्याच बागेत एक वयस्कर बाई पडलेली झाडं विळ्यानं कापत होती. प्रत्येक झाडाला आधी, म्हशीला थोपटावं तसा हात लावायची आणि मगच विळा चालवायची.

"भाऊ, हा काय बोलून राह्यला?" तिनं मला विचारलं.

मी शहरातल्या बुधवाऱ्यातला, शाळेत इतिहास शिकवणारा. सांगू लागलो. हा अमेरिकेच्या लष्कराचा शब्द. अणुबाँब हवेत फुटतो, त्याच्या बरोबर खालची जमीन. जपानची दोन शहरं तशी जळाली. पुढं न्यूयॉर्कला दोन टॉवर पडले, त्या जागेलाही लोक तेच म्हणू लागले. आता टीव्हीवाले जिथं नासधूस दिसेल तिथं म्हणतात.

तिनं विळा थांबवून सगळं ऐकलं. "त्या जपानात, बाँबच्या खाली, आता कोनी राह्यते का?"

"राहतात की. दोन्ही मोठी शहरं आहेत. शाळा आहेत, ट्राम चालते."

"मंग आपल्याकडं त नुसतं वारं आलतं," ती म्हणाली.

आणि वाकली. कापलेल्या बुंध्याशेजारी, त्याच्याच कंदातून फुटलेलं मनगटाएवढं पील उभं होतं. त्याच्यावरची फाटकी पानं तिनं बाजूला सारली, भोवतालची माती टाचेनं दाबली आणि पुढच्या झाडाला हात लावला.

कॅमेरा निघून गेला, तेव्हा तिच्यामागं पिलांची अख्खी ओळ उभी होती.