मामेसासऱ्यांची पंधरा मिनिटं

रत्नागिरी तालुक्यात घासाघीस करून मला हरवणारा एकच माणूस निघाला, आणि त्या माणसाने आयुष्यात कधी कशाची किंमत सांगितली नाही. ते माझे मामेसासरे. हे मी कौतुकाने सांगतोय असं कोणी समजू नये. त्यांच्यावर माझा राग आहे, आणि तो मी नीट जपून ठेवला आहे.

मामा गणपतीपुळ्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीत राहायचे. तरुणपणी बोटीवर होते, मग गावी येऊन पायांच्या शिरांवर झाडपाल्याचं औषध देऊ लागले. लेप आणि तेल, दोनच प्रकार. वाडीतल्या एका म्हातारीने मरण्यापूर्वी त्यांना ते शिकवलं होतं आणि तीन अटी घातल्या होत्या: औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, फक्त नारळ; झाडाचं नाव ज्याला त्याला सांगायचं नाही, नाहीतर गुण जातो; आणि पाला तोडायच्या आदल्या संध्याकाळी झाडाच्या मुळाशी चार तांदूळ ठेवून त्याला सांगून यायचं की उद्या सकाळी येतो. मी म्हटलं, "म्हणजे झाडालाही आगाऊ ऑर्डर द्यावी लागते." मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे कोणी न सांगता येऊन दुकानातला माल उचलला तर चालेल, जावईबापू?" दुकानदाराला दुकानाचाच दाखला दिला, म्हणून मला जास्तच राग आला.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पोटऱ्या राहत. रस्त्यात कोणी नमस्कार केला की आधी नजर खाली जायची. "हां, डाव्या पायाची तू! काय गो, सूज उतरली का?" लग्नाला गेले की मांडवात न बसता चपला काढतात तिथे खुर्ची टाकून बसायचे. माझ्या मेहुणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या विजारीचा पाय वर करून सर्वांदेखत विचारलं, "या शिरा आहेत की वडाच्या पारंब्या?" आणि त्या गृहस्थांना मंगलाष्टकं होईपर्यंत आतल्या खोलीत भिंतीला पाय लावून झोपवून ठेवलं. वरबाप अक्षता टाकायला नाही म्हणून मांडवभर शोधाशोध झाली. त्या गृहस्थांनी मात्र पुढे दर दिवाळीला मामांना नारळ पाठवला.

माझे पाय त्यांच्या हाती लागणार हे ठरलेलंच होतं. मी उभं राहून मोठा झालेला माणूस आहे. दुसऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात हमाली केली, मग स्वतःचं दुकान टाकलं, आता मिरजोळ्याला गोदाम आहे. पण तीस वर्षं काउंटरला स्टूल ठेवलं नाही, कारण बसलेल्या दुकानदाराशी गिऱ्हाईक जास्त घासाघीस करतं. त्या तीस वर्षांचा हिशेब उजव्या पोटरीवर निळ्या गाठींनी उमटला होता. बायकोने ओढून मामांकडे नेलं. त्यांनी पाय पाहिला, तेल दिलं आणि म्हणाले, "रोज पंधरा मिनिटं पाय भिंतीला लावून पडायचं."

"दहा," मी म्हटलं.

"पंधरा."

"बारा. शेवटचं सांगतो."

"पंधरा."

मी उठलो, चपला घातल्या आणि फाटकाकडे चालू लागलो. समोरचा हाक मारतो, याची मला खात्री असते. मागून हाक आली नाही, फक्त खराट्याचा आवाज आला. मामा अंगण झाडायला लागले होते. माझ्या दुकानाच्या पायरीवरून शेकडो गिऱ्हाइकं अशी परत फिरली आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा मी फिरलो. तो अपमान मी विसरलेलो नाही.

तेलाने आणि त्या पंधरा मिनिटांनी पाय हलके झाले, हे नाकारत नाही. म्हणूनच माझं डोकं चाललं. बाटल्या भरायच्या, गणपतीपुळ्याला यात्रेकरूंना विकायच्या. मामा म्हणाले, "पैसे घेणार? मग गुण राहणार नाही." मी चिडलो आणि एका सकाळी, श्रावणात, त्यांच्या मागे गेलो. कातळावर त्यांनी काय काय तोडलं ते दगडी गडग्याच्या आडून पाहिलं, फोनवर फोटो काढले. ते गेल्यावर तोच पाला पोतंभर तोडला आणि गोदामात खोबरेल तेलात उकळला. लेबलंही छापून घेतली.

गौरीजेवणाला मामा आमच्या घरी आले. कपाटावरची बाटली उघडून त्यांनी वास घेतला, बोटावर तेल घेऊन चोळलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो जावईबापू, हा तर टाकळा! गडग्याआड उभे होतात त्या दिवशी मी जेवणासाठी भाजी काढली होती. फोडणीला लसूण घातला असतात तर तुमचं औषध भाताबरोबर खाल्लं असतं." सगळं घर हसलं. सर्वांत मोठ्याने माझी बायको हसली. पाय चोळायला मी टाकळ्याची भाजी बाटलीत भरली, ही गोष्ट अलोऱ्याच्या नातेवाइकांपर्यंत पोचली आणि अजून फिरते आहे.

मी मामांकडे जाणं बंद केलं. तेल बंद, भिंत बंद. वर्षभरात घोट्याजवळची कातडी काळी पडली, मग तिथे जखम झाली आणि ती भरेना. बायको रोज म्हणे, "अहो, मामांकडे चला. मागितल्याशिवाय ते औषध देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे." मागायचं, तेही नारळ घेऊन! तीन महिने मी लंगडत काउंटरला उभा राहिलो. शेवटी पायमोजा ओला व्हायला लागला तेव्हा नारळ घेतला आणि गेलो.

मामांनी जखम पाहिली. हसले नाहीत. नारळ उचलून परत माझ्या पिशवीत ठेवला. "हे माझं काम नाही. माझं औषध सुजेचं, जखमेचं नाही. सर्जनकडे जायचं. आज."

मला वाटलं, सूड घेतायत. मी ओरडलो, "सगळ्या तालुक्याला देता, आणि मला नाही? एका भाजीपायी?"

मामा उठले. आत गेले, शर्ट घालून आले आणि माझ्या गाडीत जाऊन बसले.

डॉक्टर म्हणाले, आणखी थांबला असतात तर कठीण होतं. पायाचं ऑपरेशन झालं. मामा चार दिवस माझ्या पायथ्याशी बसून होते. मी त्यांच्याशी बोललो नाही; ते नर्सबाईंशी बोलत. "बस गो बाय जरा, तुझ्या पोटऱ्या बघ. या मेल्यांना पाणी मीच देतो." तिसऱ्या दिवशी त्या वॉर्डातल्या दोन नर्स जेवणाच्या सुट्टीत भिंतीला पाय लावून पडलेल्या मी पाहिल्या.

आता खरा राग सांगतो. गेल्या वर्षी मामांना त्यांच्या मुलाने मुंबईला नेलं. जाण्याआधी त्यांनी झाडांची नावं कोणाला तरी द्यायची होती. त्यांनी ती माझ्या बायकोला दिली. मी दारात उभा होतो, मला बाहेर जायला सांगितलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही लेबलं छापाल, जावईबापू."

लेबलं अजून गोदामात पडून आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे.

आता बायको संध्याकाळी चार तांदूळ घेऊन कातळावर जाते. गाडी मी चालवतो. ती झाडाला सांगते तेव्हा मला समुद्राकडे तोंड करून उभं राहावं लागतं, आणि मी राहतो. मागे वळून पाहिलेलं नाही. पाहिलं असतं तरी काय, पुन्हा भाजीच काढली असती.

परवा मामांचा फोन आला. आवाज बारीक झालाय. मुलाचं घर अकराव्या मजल्यावर आहे, तिथून रस्त्यावरच्या माणसांचे पाय दिसत नाहीत, म्हणाले. मग नेहमीचं विचारलं, "भिंतीला किती वेळ?"

"दहा मिनिटं," मी म्हटलं, मुद्दाम.

पलीकडून 'पंधरा' आलं नाही. मी वाट पाहिली. मग म्हटलं, "बरं, बारा. शेवटचं."

"बारा?" मामा म्हणाले. "बरं. बारा तर बारा."

मी फोन ठेवला. मग आतल्या खोलीत जाऊन भिंतीला पाय लावले आणि घड्याळाकडे बघत पडलो. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, झालं की." मी पाय खाली घेतले नाहीत.