जीपवाल्या बाप्पाचं गोल चक्कर

आधी चहा खाली ठेवा. मागे एकाने हा किस्सा ऐकता ऐकता कप सोफ्यावर उपडा केला होता, आणि सोफा आमचा होता!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दिल्लीत आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये जो तो गुळगुळीत नवी मोटार घेत होता आणि गुडगावात प्लॉट. प्लॉटपर्यंत रस्ता मात्र कुणालाच मिळाला नव्हता. मग मी काय केलं? लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. तेवढ्यावर थांबेन तर मी कसला! स्प्रिंगचे मोठे पाटे, मोठे टायर घालून तिला वीतभर उंच केलं.

दिसायला काय रुबाब होता महाराजा! चालवायला? ते विचारू नका. जरा वेग घेतला की स्टिअरिंग हीव भरल्यासारखं थडथडायचं. खड्डा आला की मागचा माणूस हातभर उडायचा. आमची सुनंदा तिला जीप म्हणतच नसे. "तुमचं ते उखळ" म्हणायची.

आमच्या मंडळाचा गणपती फरीदाबादला एका मराठी मूर्तिकाराकडे घडायचा. शाडूचा, नाजूक. आधीच्या वर्षी टेम्पोच्या हादऱ्यांनी सोंडेला तडा गेला. भंगलेली मूर्ती बसवणार कशी? ऐन वेळी बाजारातली एवढीशी मूर्ती आणली, आणि कॉलनीतली पोरं हिरमुसून बसली. मला फार वाईट वाटलं होतं. म्हणून मीटिंगमध्ये उठून मी जाहीर केलं, "यंदा बाप्पा माझ्या जीपमधून येणार. मूर्तीवर ओरखडा उठला तर पुन्हा मंडळाची पायरी चढणार नाही!"

"तुमच्या जीपमधून?" आमचे सेक्रेटरी नाडकर्णी म्हणाले. "अहो, त्यात उंदीरसुद्धा बसायचा नाही!"

सगळे खो खो हसले. झालं! मी पेटलो.

ऑफिसातून आलो की बनियनवर जीपखाली. पाट्यांमधलं एकेक पान काढून टाकलं, ग्रीस भरलं, नवे रबरी बुश बसवले, टायरमधली हवा कमी केली. थडथड थांबवायला स्टिअरिंगच्या दांडीला आडवा शॉक ॲब्सॉर्बर लावला. चाकं सरळ ठेवून माप घेतलं, बरोब्बर बसला. चाचणीसाठी सुनंदाला मागे बसवलं, तिच्या मांडीवर ताकाचं पातेलं दिलं आणि हायवेवर सरळच्या सरळ जाऊन आलो.

"थेंब सांडला का?"

"नाही बाई!" ती चकित होऊन म्हणाली. "उखळाची पालखी झाली की हो!"

जिंकलो! असं मला वाटलं.

आगमनाचा दिवस. टप काढलेल्या जीपमध्ये मागे बाप्पा, चेहऱ्यावर रुमाल, शेजारी मूर्तीला कवटाळून सुनंदा. फरीदाबादहून कॉलनीपर्यंत लहानसहान वळणं घेत अलगद आलो. कॉलनीच्या तोंडाशी छोटंसं गोल चक्कर आहे. तिथे सगळं मंडळ उभं! कँटोनमेंटमधले आपले जवान ढोल-ताशे घेऊन आलेले. मी ऐटीत स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं.

ते तिथेच राहिलं.

अहो, माप सरळ चाकांचं घेतलं होतं ना! चाकं पूर्ण वळल्यावर तो आखूड शॉक ॲब्सॉर्बर आडवा अडकून बसला. कॉलनीचा रस्ता डावीकडून निघून गेला आणि आम्ही पुन्हा सुरुवातीला.

"अहो, आपला रस्ता गेला!"

"माहितीये."

"मग वळा की!"

"वळतोच आहे! तेवढंच होतंय!"

"थांबवा मग गाडी!"

थांबवू? समोर नाडकर्णी दात काढून उभे असताना? शक्यच नाही. स्टिअरिंगला हिसके देत देत मी दुसरी फेरी मारली. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी भक्तिभावाने ओरडलं, "प्रदक्षिणा घालतायत!"

संपलं! गणपतीने आईवडिलांना प्रदक्षिणा घातली, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यातून आपल्याकडचं गोल चक्कर उजव्या हाताचं, शास्त्राला धरून. ढोल कडाडले. तिसऱ्या फेरीला स्कूटरी मागे लागल्या. चौथीला बायका फुलं उधळायला लागल्या.

"अरे, बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"मोरया!" मंडळ ओरडलं.

ट्रॅफिक हवालदाराने सगळी वाहनं अडवून मला हात जोडले. "भाईसाब, और कितने फेरे बाकी हैं?"

"बस, यही आखिरी!" म्हणालो आणि अगदी हलक्या पायाने ब्रेक दाबला. जीप थांबली. पान्हा घेऊन मी सरळ रस्त्यावर आडवा झालो आणि पोटावर सरपटत खाली शिरलो. बाहेर ढोल एकदम थांबले.

"साष्टांग नमस्कार!" नाडकर्णींचा गहिवरलेला आवाज आला. पान्ह्याने बोल्ट सोडवता सोडवता चाकांमधून बघतो तर काय, अर्धं मंडळ डांबरावर पालथं पडलेलं! इस्त्रीच्या झब्ब्यासकट नाडकर्णीसुद्धा!

मूर्ती मात्र अभंग पोचली बरं का. रुमाल काढला तेव्हा पोरं नुसती नाचली. मला खरंच भरून आलं. खरं काय ते सांगावं असंही वाटलं, पण नाडकर्णींनी गळ्यात हार घातला आणि तोंड बंद झालं.

मग वर्षभर मी हट्टाने त्या स्टिअरिंगच्या मागे लागलो. योग्य लांबीचा शॉक ॲब्सॉर्बर आणला, दोन्ही बाजूंना चाकं पूर्ण वळवून मापं घेतली. लोण्यासारखं फिरायला लागलं! पुढच्या गणपतीला गोल चक्करावर आलो, एका बोटाने डावीकडे वळलो आणि पहिल्याच फटक्यात बाप्पाला थेट मांडवापुढे उभं केलं.

वळून बघतो तर मागे कोणीच नाही. ढोल नाही, फुलं नाहीत. सगळं मंडळ तिकडे गोल चक्करावरच खोळंबलेलं. नाडकर्णी धापा टाकत आले, जीपभोवती फिरले, खाली वाकून बघितलं आणि काळजीने म्हणाले,

"काय हो, यंदा गाडी बिघडली वाटतं?"