कागदापुरता मालक

"थांबा डॉक्टर, आधी तिला इचारतो," असं म्हणून तो कुत्रीच्या कानाशी तोंड न्यायचा. मग मान वर करून निकाल सांगायचा, "नाही म्हणतीया. पण टोचा तुम्ही, मी समजावतो तिला."

दिघीतल्या जनावरांच्या दवाखान्यात मी कागदपत्रं सांभाळतो. हा परभणीकडचा, चाकणला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. फर्स्ट शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच यायचा. स्कूटरवर पायांपाशी चंपी. साधी गावठी कुत्री, पण थाट असा, की तीच त्याला दाखवायला घेऊन आलीय. तुम्हीही हसला असता.

कुत्र्यांना चिप बसवून नोंदणी करा, असा महापालिकेचा हुकूम निघाला आणि पहिल्याच आठवड्यात तो हजर. तांदळाच्या दाण्याएवढी चिप मानेच्या कातडीखाली जाते, हे त्याने दोनदा ऐकून घेतलं. अडलं ते पत्त्याशी. त्याचं आधार गावचं आणि नोंदणीला पुरावा हवा इथला.

"खोलीमालकाचं नाव टाकू. कागदापुरतं," मी म्हणालो. इथल्या भाडेकरूंची वीज, गॅस, सगळं असंच चालतं. या वेळी त्याने चंपीला विचारलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवला.

वर्षभराने मालकाने खोल्या पाडायला काढल्या. हा सामान हलवत होता, तेवढ्यात मालकाने चंपीला नेऊन आपल्या प्लॉटच्या गेटला बांधलं. भांडण दवाखान्यात आलं, चंपीसकट. मी तिच्या मानेवरून स्कॅनर फिरवला, नोंद उघडली आणि नाव वाचून दाखवलं.

"मशीनच सांगतंय. माजी हाय न्हवं?" मालक म्हणाला. "राखनीला पायजेच व्हती."

"कुत्री याचीच आहे. नाव मीच सुचवलं होतं."

"मंग दे लिहून. खोटी नोंद केली म्हून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला नोकरी जाताना दिसू लागली. मी पेन उचललं नाही. त्याची लाज आजही वाटते.

तो माझ्यावर चिडला नाही. मालकालाच सांगू लागला, "भाकर दुधात कुस्करून द्या. उन्हात नका बांधू, कातडी सोलती तिची." मग पाठ फिरवून चालता झाला. चंपी साखळी ताणून ओरडत होती. पुढच्याच महिन्यात काम सोडून तो गावी गेला.

दिवाळीनंतर मालक नोंद रद्द करायला आला. चंपी साखळी तोडून पळाली होती आणि पहाटे हमरस्त्यावर कंटेनरखाली आली होती. "दुपारपतोर जीव व्हता," तो सहज म्हणाला.

संध्याकाळी मी परभणीला फोन लावला. सांगितलं.

"लई हाल झाले का हो?"

"नाही. जागच्या जागी गेली."

"बरं झालं भाऊ," तो म्हणाला. "तुम्ही होता तिकडं, म्हणून मला घोर नव्हता."