ठोकेमामांचा डावा पंख

“आधी हात लावून बघा, मग तोंड उघडा.”

हे ठोकेमामांचं वाक्य. दूधवाला असो, डॉक्टर असो, सख्खा मेव्हणा असो, मामा ते ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. कोणी पोचा आलेला डबा घेऊन आलं तर मामा आधी डोळे मिटायचे आणि त्या पोच्यावरून अंगठा फिरवायचे. अंगठ्याला कळतं तेवढं डोळ्याला कळत नाही, हे त्यांचं पक्कं मत. चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात बसगाड्यांची अंगं बांधली. लोखंडी सांगाडा उभा करायचा, त्यावर पत्रा चढवायचा आणि रिव्हेटचे खिळे ठोकत जायचं. म्हणून ते ठोकेमामा. खरं आडनाव कुठल्या तरी यादीत असेल, पण आम्हाला कधी त्याची गरज पडली नाही.

निवृत्त होऊन घरी आले आणि तिसऱ्याच महिन्यात दारात ट्रक उभा राहिला. दोन लांबलचक लाकडी खोकी उतरली. मामी हात पुसत बाहेर आल्या.

“कपाट मागवलंत का?”

“विमान.”

“कोणाचं?”

“आपलं. सुटं आहे, जोडायचं आहे.”

मामींनी खोक्यांभोवती एक फेरी मारली. त्या घरी शाळेचे गणवेश शिवायच्या. कापड आलं की आधी पन्हा बघायचा ही सवय. “किती माणसांचं?”

“दोन.”

“म्हणजे मीसुद्धा?”

“मग दुसरा माणूस काय शेजारून आणू?”

मामी आत गेल्या. पण त्या दिवशी शिलाई मशीन चाललं नाही, हे आम्ही शेजारच्यांनी ऐकलं. म्हणजे ऐकू आलं नाही, त्यावरून कळलं.

लहानपणी मामा शेताच्या बांधावर बसून फवारणीची विमानं बघायचे. पिकाच्या इतक्या जवळून जायची की ओंब्या वाकायच्या. तेव्हापासून मनात एकच होतं, आणि ते त्यांनी एकट्या मामींना लग्नानंतरच्या आठवड्यात सांगितलं होतं: आपण स्वतः ठोकलेल्या विमानात बसायचं, आणि शेजारी तू. मामींना तेव्हा ती नव्या नवऱ्याची बडबड वाटली. बत्तीस वर्षांनी ती बडबड दोन खोक्यांत भरून दारात आली.

गॅरेजमधली जुनी गाडी अंगणात गेली, तिच्यावर ताडपत्री पडली. भिंतीला लागून लांब टेबल आलं. खोकी उघडली, तेव्हा आत निळ्या प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेले अॅल्युमिनियमचे पत्रे होते. मामांनी एका पत्र्याचा कोपरा सोलला. खालून असा उजेड आला, जसा पहाटे पाण्यातून येतो. मामांनी पत्र्यावर तळवा ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

“काय बघताय?” मामींनी विचारलं.

“अगं, बसचा पत्रा म्हणजे घोंगडी. हे मलमल आहे.”

मामींचा मोठा भाऊ सायकल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो गॅरेजच्या दारात येऊन उभा राहायचा. कामाला हात लावायचा नाही, तोंड मात्र चालू.

“दाजी, याला थांबे कुठे कुठे?”

“तुझ्या दुकानावरून जाईल, थांबणार नाही.”

“आणि कंडक्टर?”

“ही.” मामा मामींकडे बोट दाखवायचे. “सुट्टे पैसे घेऊन ये.”

विमानाचा पंख म्हणजे आत एक लांब तुळई, तिला आडव्या बरगड्या, आणि या सगळ्यावर पत्र्याची कातडी. ती कातडी रिव्हेटांनी शिवायची. रिव्हेट ठोकायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी ठोकायची बंदूक लावतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा टेकवून धरतो, म्हणजे रिव्हेटचं टोक चपटं होऊन पक्कं बसतं. दोघांमध्ये पत्रा असतो. एकमेकांचं तोंड दिसत नाही. मामींचा हात बारीक, तो बरगडीच्या भोकातून कोपरापर्यंत आत जायचा. म्हणून ठोकळा त्यांच्याकडे आला.

पहिल्या दिवशी गोंधळच झाला. मामा “धरलंस?” म्हणायचे, मामी “थांबा” म्हणायच्या, तोवर बंदूक सुटलेली असायची. मग मामींनीच शिस्त लावली. ठोकळा टेकला की त्या “हं” म्हणणार. त्याआधी बोट हलवायचं नाही. ठोकून झालं की त्या आतून रिव्हेटच्या टोकावर बोट फिरवून निकाल देणार: “बसला,” “कच्चा,” किंवा “पोट सुटलं.” पोट सुटलं म्हणजे जास्त ठोकला, आता काढावा लागणार.

महिन्याभरात त्या गॅरेजला एक लय आली. “हं.” टर्रर्र. “बसला.” “हं.” टर्रर्र. “बसला.” सकाळचं कोवळं ऊन दारातून आत सरकत यायचं, पत्र्यावर पडून छताला जायचं आणि तिथे पाण्यासारखं हलायचं. रस्त्याने जाणारी माणसं थांबायची. एकदा “पोट सुटलं” असं मामींच्या आवाजात पत्र्याच्या आतून ऐकू आलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या पोस्टमनने नकळत स्वतःच्या पोटावर हात ठेवला. त्या दिवशी तासभर काम झालं नाही. मामी पंखात हात अडकवूनच हसत होत्या.

अकरा महिन्यांत शेपूट झालं, धड झालं, डावा पंख पुरा शिवून झाला. उजव्याचे पत्रे अजून टेबलाखाली होते. पुढे जाण्याआधी सरकारी तपासनिसाला दाखवणं भाग होतं. त्याची सही नसेल तर विमान गॅरेजमध्येच म्हातारं होणार.

तपासनीस आला. उंच, वाकलेला, कमी बोलणारा माणूस. आयुष्यभर मोठ्या विमानांच्या पोटाखाली काम केलेला. मामांनी त्याला आपलं वाक्य ऐकवलं. तो नुसता “हं” म्हणाला आणि खरोखरच हात लावून बघायला लागला. शेपूट बघितलं, मान हलवली. धड बघितलं, मान हलवली. मामा शाळेतल्या नव्या मुलासारखे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. मग त्याने गॅरेजचा दिवा बंद करायला सांगितला, हातातली बॅटरी डाव्या पंखावर अगदी आडवी धरली आणि खाली वाकला.

पत्र्यावर केसासारखी एक रेघ चमकली. तुळईवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या शेजारी दुसरी. मग बरगडीबरगडीवर एकेक.

“हे कशाने आखलंत?”

मामांनी अभिमानाने खिशातून पोलादी सुई काढली. चौतीस वर्षांची सुई, मूठ घामाने काळी झालेली. बसचा पत्रा आखायचा तो हिनेच. पेन्सिल पुसली जाते, सुईची रेघ हलत नाही. कारखान्यात मामांची रेघ बघायला नवी पोरं यायची.

तपासनिसाने रेघेवर नख ठेवलं. नख अडकलं.

“बस रस्त्यावर चालते,” तो म्हणाला. “पंख हवेत वाकतो, सरळ होतो, वाकतो, सरळ होतो. पत्रा फाटायचा असेल तर सुरुवात इथून होणार. पुस्तकात लिहिलंय की शाईच्या पेनाने आखा.”

शेपटाचे आणि धडाचे पत्रे भोकं पाडूनच आले होते, आखावा लागला तो फक्त पंख, आणि ते पान मामांनी वाचलंच नव्हतं. आखणी काय त्यांनी पुस्तकातून शिकायची?

“घासून काढलं तर?”

“खोल गेलीय. घासाल तर पत्रा पातळ होईल. पत्रे बदला, मग बोलवा.” त्याने सहीचा कागद दुमडून खिशात घातला. सही झाली नाही.

तो गेल्यावर मामा स्टुलावर बसून राहिले. मेव्हणा संध्याकाळी आला, सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा चेष्टा न करता बोलला. “दाजी, रंग मारा की वरून. रंगाखाली कोण बघतंय? दुसरा तपासनीस बोलवू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांच्या हातात बारीक पॉलिश कागद होता. वीतभर जागा त्यांनी दुपारपर्यंत घासली. रेघ दिसेनाशी झाली. आरशासारखा पत्रा. त्यांनी मामींना हाक मारली.

“बघ. आहे का?”

मामींनी बघितलं नाही. कापडाची दशी शोधावी तसं बोट फिरवलं. गेलं, थांबलं, परत मागे आलं.

“आहे.”

“दिसत नाही ना पण.”

“अहो, मी याच्यात बसणार आहे ना?”

“हो.”

“मग काढा हे सगळं. उसवायचं असतं तेव्हा उसवायचं. रडत शिवलेला गणवेश पोराच्या अंगावर पहिल्याच दिवशी फाटतो. आणि हे काढणार नसाल तर दुसरी खुर्ची रिकामी ठेवा. मी खालूनच हात करेन.”

मामा उठले आणि ती सुई फडताळाच्या पार मागे सारून आले.

अकराशे चाळीस रिव्हेट. प्रत्येकाच्या डोक्यावर नेमकं मधोमध ड्रिल लावायचं, डोकं उडवायचं, आणि खालच्या बरगडीचं भोक तसूभरही मोठं होऊ द्यायचं नाही. मामांचा हात बसचा, तो दाबायचा. सुरुवातीच्या वीस रिव्हेटांत चार भोकं मोठी झाली. मामींनी ड्रिल मागितलं.

“तुला जमेल?”

“हात लावून बघते, मग तोंड उघडते.”

मेव्हणा एवढा हसला की त्याची चप्पल निसटली. पण मामींना जमलं. मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवावा तसं बोट हलकेच ठेवायच्या, टोक जरा खाली जाऊ द्यायच्या, आणि थांबायच्या. टुक् करून डोकं उडायचं. नऊ दिवस ते टुक् टुक् चाललं. शेवटचा पत्रा उचलला तेव्हा मामांची ती चार भोकं सोडली, ज्यांत पुढे जाड रिव्हेट बसले, तर बरगड्या जशा बसवल्या होत्या तशाच होत्या, एकीलाही ओरखडा नाही. मामांनी आनंदाने मेव्हण्याला मिठी मारली. तो म्हणाला, “बायकोला मारा की, काम तिने केलंय.” मामींनी ड्रिल उगारलं.

नवे पत्रे यायला सात आठवडे लागले. यावेळी शाईचं पेन. मामा रेघ ओढायचे आणि पुसून परत ओढायचे. पेनाची रेघ त्यांना जाडीभरडी वाटायची. पण मग पुन्हा “हं,” टर्रर्र, “बसला” सुरू झालं, आणि आता दोघांना एकमेकांचा श्वास कळत होता. मामींनी “हं” म्हणायच्या आधीच मामांना कळायचं की आता येणार. तरी थांबायचे. दोन्ही पंख उभे राहिले.

तपासनीस परत आला. दिवा बंद. बॅटरी आडवी. तो पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, खाली झोपून गेला, उलटा आला. मामींनी साडीचा पदर मुठीत धरला होता. तो उठला, गुडघे झटकले.

“आतून कोणी धरलं होतं?”

“हिने.”

“एकसारखे बसलेत.”

एवढंच. आणि सही. त्या दोन शब्दांवर मामांनी पुढचा महिना काढला. दूधवाल्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, डॉक्टर विचारतोय काय आणि हे सांगताहेत काय.

विमान गावाबाहेरच्या गवताच्या पट्टीवर गेलं. तिथल्या फवारणीच्या पायलटकडून मामा वर्षभर आधीच शिकून तयार होते. पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं, असा नियम. त्या सकाळी वारा नव्हता. मेव्हणा आग विझवायचं लाल नळकांडं उराशी धरून उभा होता, जणू तेच बाळ आहे. इंजिन सुरू झालं, गवत आडवं झालं. विमान धावलं, धावलं, आणि एका क्षणी चाकांखालचं गवत सुटलं.

मामी बाकी काही बघत नव्हत्या. फक्त डावा पंख. तो वळताना किंचित वाकला, उन्हात चमकला, सरळ झाला. वाकला, सरळ झाला. बावीस मिनिटं. उतरताना विमान एकदा टेकलं, उडालं, पुन्हा टेकलं.

“दाजी, दोनदा उतरलात!”

“एका तिकिटात दोन!” मामा आतून ओरडले. चेहरा असा, की चौदा वर्षांचं पोर शेताच्या बांधावरून उठून आलंय.

दुसरा माणूस बसवण्याआधी चाळीस तास एकट्याने उडवायचं, हाही नियम. पाच महिने लागले. मामी एकेक तास मोजत होत्या, पण विचारत नव्हत्या. चाळिसावा तास संपला त्या दिवशी मामा उतरून त्यांच्यासमोर आले आणि नुसते उभे राहिले.

“किती वाजता?” मामींनी विचारलं.

“उद्या सकाळी. सातला.”

सकाळी सातला गवत दवाने ओलं होतं. मामींची उंची कमी, पुढचं दिसावं म्हणून त्यांनी रात्री जाड उशी शिवली होती. ती मामांच्या काखेत होती. मामी पुढे चालत होत्या, साडी घोट्यापर्यंत धरून. मामा मागे, “अगं हळू, घसरशील,” म्हणत. मामी हळू होत नव्हत्या. विमान पट्टीच्या पार टोकाला होतं, दोघं लहान लहान होत गेले.

कुंपणापाशी मेव्हणा सायकल धरून उभा होता, घंटी वाजवायची विसरून. आणि जरा बाजूला, आपल्या गाडीला टेकून, तो तपासनीस. त्या दिवशी त्याचं तिथे काहीच काम नव्हतं. विचारलं तर म्हणाला, इकडून चाललो होतो.