कात्री खाली ठेवायला शिकलेली मंदा

मंदाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं कुलूप काढत होते. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. आणि मी काय विचारावं? "साखर उतरली होती का रे?" तो म्हणाला, "नाही मावशी, हार्ट अटॅक. साखर ठीक होती." ...त्या क्षणी मला चक्क हायसं वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याची इतकी लाज वाटली की मी पायरीवरच बसून राहिले. तिच्या साखरेवर नजर ठेवणं हे मी इतकी वर्षं माझंच काम मानत आले होते. या गोष्टीलाही आता दीड महिना झाला.

पनवेलच्या बाजारात आमचं दोघींचं ब्लाऊज शिवायचं दुकान. कटिंग मंदाचं, शिलाई माझी. आम्ही ते टाकलं तेव्हा नवीन पनवेलच्या सोसायट्या भराभर भरत होत्या. तिथल्या ऑफिसला जाणाऱ्या बायका शनिवारी यायच्या, उरणच्या कोळणी बाजार उरकला की एसटी पकडायच्या आधी यायच्या. मंदा दिवसभराचं कटिंग सकाळीच उरकायची आणि कापताना तोंड अखंड चालू. माझ्या नवऱ्याच्या घोरण्यापासून गिऱ्हाइकाच्या सुनेपर्यंत काही सुटायचं नाही. नियम मात्र एकच आणि कडक: एकदा कात्री कापडात घातली की तुकडा सुटा होईपर्यंत थांबायचं नाही. मध्ये थांबलं की कड तुटक येते म्हणायची. दारात कुणीही येवो, मान वर व्हायची नाही.

तिला मधुमेह आहे, ती इन्सुलिन घेते, हे मला माहीत होतं. म्हणून मी शहाणी, चहावाल्याला तिचा चहा बिनसाखरेचा सांगून ठेवलेला, कुणी लग्नाचे पेढे आणले की डबा फळीवर. एका सकाळी ती घामाघूम होऊन म्हणाली, "उषे, पेढा दे." मी म्हटलं, "जिभेला आवर जरा." "दे म्हणते ना!" असं ती माझ्यावर खेकसली, तशी मीही हट्टाला पेटले आणि डबा आणखी वर सरकवला. शेवटी तिने स्टुलावर चढून, लटपटत, तो काढला आणि तीन पेढे एकापाठोपाठ तोंडात कोंबले. पंधरा मिनिटांनी आमची मंदा परत जागेवर. मग तिने मला समजावलं, की साखर वाढते तशी ती कधी एकदम उतरतेही, आणि त्या वेळी गोड हेच औषध. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मायेपोटी मी तिला मारायलाच निघाले होते की!

"पण कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "अगं, लग्नाची साडी हातात देताना बाईचा जीव वर-खाली होतो. हात थरथरतो कळलं, तर कोण देईल मला कापायला?" तिचं खोटं नव्हतं. अख्ख्या बाजारात तिच्या कटिंगचं नाव होतं, आणि त्या नावावरच आम्ही दोघी उभ्या होतो. मी शपथ घेतली. तेव्हापासून मशीन चालवताना माझा एक कान तिच्या बडबडीकडे, कारण साखर उतरू लागली की ती आधी गप्प व्हायची. बडबड थांबली की मी उठून ग्लुकोजचं पाणी पुढे करायची, गिऱ्हाइकाला वाटायचं सरबत. तीन-चार वर्षं आमचं हे गुपित छान निभावलं.

मग एकदा मी अस्तर आणायला गेले आणि तेवढ्यात ते झालं. उरणच्या हौसाबाईंच्या लेकीच्या लग्नाचा ब्लाऊज होता. काठ जुळवायचे म्हणून बाह्या एकेक करून कापायच्या होत्या. मंदाला कळलं होतं की साखर उतरतेय. पण कात्री कापडात होती ना! ही बाही होऊ दे, मग खाते, म्हणत राहिली. मी परतले तेव्हा ती भिंतीला टेकून बिस्किट खात होती आणि टेबलावर दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. तेवढंच कापड, दुसरं आणणार कुठून?

हौसाबाई आल्या तेव्हा मीच पुढे झाले. "चूक माझी आहे, मी कापलं," म्हटलं. त्यांनी मला अशी काही झाडली की शेजारचा भांडीवाला बाहेर येऊन उभा राहिला. मी मान खाली घालून ऐकत होते. तेवढ्यात मागून मंदा आली. "हिला बोलू नका. कापलं मी. कापताना माझी साखर उतरते कधी कधी... त्या दिवशी उतरली होती."

हौसाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "मंग आदी सांगाचं नाय काय? आमच्या बाबाला पन आसंच व्हायचं, होरीवर, भर दर्यान. बोलता बोलता गप व्हायचा. पन सगल्यांना ठाव व्हतं, सगल्यांच्या खिशान गूल. तुमी दोगी कोनापासून लपवता, बाय?" आणि कापड गुंडाळत म्हणाल्या, "पोरीचा बिलाऊज आता तुमच्याकडं नाय देनार. पन तू खात जा." ब्लाऊज खरंच दिला नाही. वर्षभर त्या फिरकल्याही नाहीत.

त्या रात्री मंदा झोपली नसावी. सकाळी येऊन तिने पिको-फॉलच्या पाटीखाली पुठ्ठा लावला: 'कापताना मंदाताई गप्प झाल्या, तर आधी त्यांना गोड द्या, मग ब्लाऊजचं विचारा.' मी म्हटलं, "वेडी आहेस का? दुकान बसेल." "बसू दे. पण माझ्या चुकीसाठी तू पुन्हा बोलणी खायची नाहीस," ती म्हणाली. पहिल्याच आठवड्यात नवीन पनवेलच्या एक बाई आपली पैठणी परत घेऊन गेल्या, "राग मानू नका हं" म्हणत. मंदाने ती नीट घडी करून दिली, हसून दिली, आणि आतल्या खोलीत जाऊन ढसाढसा रडली. आणखीही दोघी-तिघी गेल्या. पण राहिल्या त्या फार वेगळ्या होऊन राहिल्या. माप द्यायला उभ्या राहिल्या की आधी विचारायच्या, "मंदाताई, काही खाल्लंत का?" आणि ती, जन्मात मध्ये न थांबणारी बाई, कात्री बाजूला ठेवून त्यांच्यासमोर चार घास खायची. कड कुठे तुटक आल्याचं मी तरी पाहिलं नाही.

आता कटिंग मीच करते. तिच्यासारखं जमत नाही, आणि बडबडही जमत नाही, गप्पच असते मी. परवा जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोन बायका एकदम आत आल्या. मला तसं गप्प बघून त्यातली एक माझ्या हातातली कात्री काढून घेत म्हणाली, "उषाताई, काही खाल्लंत का?" मला मधुमेह नाही, हे तिला पक्कं माहीत आहे. मी "नाही" म्हटलं, आणि तिने पुढे केलेला लाडू तिथेच बसून खाल्ला.