न पाठवलेलं नाव

सिंदेवाही तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी मुख्याध्यापक होतो. ऑफिसच्या भिंतीवर वेळापत्रक टांगलेलं असे. त्यात खेळाला तीन तासिका, चित्रकलेला दोन, संगीताला दोन. प्रत्यक्षात दुपारच्या सुट्टीनंतर कुठलीही तासिका असो, मुलं मैदानावर जात. तालुक्याच्या क्रीडा व सांस्कृतिक संमेलनात मुलींच्या खो-खोची ढाल लागोपाठ तीन वर्षं आम्ही आणली होती. ती माझ्या मागच्या कपाटावर ठेवलेली असे आणि येणारे साहेब आधी तिच्याकडे बघत. शाळेची पेटी त्याच कपाटात, खालच्या खणात होती. तिचा भाता उंदरांनी कुरतडला, तेही मला उशिरा कळलं.

खेळाला मी दोष देत नाही. घराबाहेर मोठ्यानं बोलायला लाजणाऱ्या मुली मैदानावर ओरडायला शिकल्या, ते मी पाहिलं आहे. पण चित्रकला आणि संगीताच्या वर्णनात्मक नोंदी मी वर्षअखेरीला एका बैठकीत लिहून काढायचो. ‘रंग आवडीने भरतो.’ ‘गीत तालासुरात म्हणते.’ सगळ्या वर्गाला तीच दोन-चार वाक्यं आलटून पालटून.

सहावीत एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं भीमगीतांचं मंडळ होतं. त्यांनीच तिला घरी पेटीवर बसवून शिकवलं होतं. सकाळच्या परिपाठात ती प्रार्थना सांगायची, तेव्हा बाजूच्या बांधावरच्या बाया हातातलं काम थांबवत. आणि पळायचीही ती तशीच. खो-खोत तिला बाद करायला समोरच्यांना घाम फुटे.

त्या वर्षी संमेलनात एकल गायन आणि खो-खोचा सामना एकाच सकाळी आला. एका मुलीला एकाच ठिकाणी जाता येणार होतं. तिनं मला विचारलं, “गुरुजी, माह्यं नाव गाण्यात टाकसान ना? बाबांनी नवीन गाणं बसवून देल्लं.”

“टाकतो,” मी म्हणालो.

नाव मी खो-खोच्या यादीत टाकलं. केंद्रशाळेकडे पाठवायची गायनाची प्रवेशिका भरलीच नाही. तिला सरळ सांगितलं असतं तर ती रडली असती, दोन दिवसांनी विसरली असती. पण तिचे वडील शाळेत येतील या धास्तीनं मी भर वर्गात म्हणालो, “तुझं नाव केंद्रावरून परत आलं. साहेबांनी परिपाठात ऐकलं होतं, आवाज सुरात बसत नाही म्हणाले.”

कुणीतरी फिसकन हसलं. सामन्याला ती खेळली. ढाल चौथ्यांदा आली. दुसऱ्या दिवसापासून ती परिपाठात मागच्या रांगेत उभी राहू लागली. वर्षअखेरीला मी तिच्या नावापुढे लिहिलं: ‘गीत तालासुरात म्हणते.’

आज ती गावच्या अंगणवाडीची सेविका आहे. माझ्या नातवाला मी रोज तिथं सोडतो. मागच्या महिन्यात सहज लक्ष गेलं, की मुलांची गाणी ती मोबाइलवर लावते आणि स्वतः नुसते हातवारे करते. मी विचारलं, “तू का म्हणत नाहीस?”

ती हसली. “माह्या आवाजानं पोट्टे पळून जातीन ना गुरुजी!”

खिचडी ढवळत मदतनीस बाई म्हणाली, “पंधरा वर्षं झाले, एक पाळणा नाई आयकला इच्या तोंडून.”

चार दिवस मी नातवाला फाटकावरूनच सोडून परत फिरलो. पाचव्या दिवशी आत गेलो आणि तिला सांगितलं. प्रवेशिका, यादी, केंद्रावरून काहीच परत आलं नव्हतं, सगळं.

तिनं हातातली ताटली पुसून खाली ठेवली.

“बाबा तवापासून पेटीवर नाई बसले,” ती म्हणाली. “मीच चुकीचं शिकवलं म्हणत. मरेपर्यंत हेच म्हणत होते. तुमाले मालूम होतं?”

“नाही.”

“विचारलं काऊन नाई?”

मी माफी मागायला लागलो, तर तिनं हात वर केला.

“मले एकटीले इथी कोपऱ्यात नका सांगू, गुरुजी. तवा भर वर्गात सांगतलं होतं ना? मंग आताही वर्गाले सांगा.”

वर्ग आता कुठे आहे? एकजण भद्रावतीला खाणीत, एकजण गडचिरोलीला पोलिसात, दोघी लग्न होऊन दूर गेल्या. त्यांच्यापर्यंत पोचायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही, म्हणून हे लिहून त्या प्रत्येकाला पाठवतो आहे. एक प्रत तिच्या आईला मी स्वतः वाचून दाखवणार आहे.

मुलांनो, त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोललो. तिचं नाव मी पाठवलंच नव्हतं. तिचा आवाज चांगला होता, आणि तिच्या वडिलांनी तिला बरोबर शिकवलं होतं.